अपूर्णांक आणि दशांशांची शाब्दिक उदाहरणं : नाशिकच्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

पाचवी ते सातवीच्या मुलांचे आई-बाबा शिकवणीच्या दारात उभे राहून जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. उदाहरणं सगळी आपल्याकडची आहेत, कारण परीक्षेतले काल्पनिक ‘रमेश आणि सुरेश’ मुलांच्या डोळ्यांसमोर उभे राहत नाहीत, पण रविवार कारंज्यावरचा बाजार किंवा मामाची निफाडची कांदाचाळ लगेच दिसते. सुरुवातीलाच माझं मत सांगतो: मुलं बेरीज-वजाबाकीत फारशी अडत नाहीत. ‘पाव, पण कशाचा पाव?’ आणि ‘हा आकडा कोणत्या एककात?’ हे दोन प्रश्न त्यांनी विचारलेले नसतात, तिथे अडतात.

आकडेमोड येते, पण शाब्दिक उदाहरण आलं की ‘बेरीज करू की वजाबाकी?’ विचारतो. काय करायचं?

त्याला कोणीतरी सांगितलेलं असतं की ‘एकूण’ दिसलं की बेरीज, ‘उरले’ दिसलं की वजाबाकी, ‘जास्त’ म्हणजे बेरीज. ही युक्ती चौथीपर्यंत खपते, पुढे गंडते. हे बघा:

पंचवटीतल्या एका टपरीवर सोमवारी १२ १/२ लिटर दूध लागलं. हे मंगळवारपेक्षा २ ३/४ लिटर जास्त होतं. मंगळवारी किती लागलं?

‘जास्त’ शब्द दिसतो, मूल बेरीज करतं आणि १५ १/४ लिटर लिहून मोकळं होतं. खरं तर जास्त सोमवारी लागलं, म्हणजे मंगळवारी कमी. उत्तर ९ ३/४ लिटर.

‘एकूण’चंही तसंच. ‘एकूण ५ किलो फराळ, त्यात २.२५ किलो चिवडा, १.५ किलो शेव, बाकी लाडू’ या वाक्यात ‘एकूण’ आहे, तरी लाडू काढायला वजाबाकीच लागते (१.२५ किलो).

उपाय साधा आहे. उदाहरण आकडे गाळून तोंडी सांगायला लावा: ‘सोमवारी जास्त लागलं, मंगळवारी कमी. मंगळवारचं विचारलंय.’ मग एकच प्रश्न: उत्तर साडेबारापेक्षा मोठं येणार की लहान? हे ठरलं की क्रिया आपोआप ठरते. आकडे गाळून सांगता आलं नाही, तर उदाहरण समजलेलंच नाही. मग पेन हातात घेण्यात अर्थ नाही.

मुलगी इंग्रजी माध्यमात आहे. ‘पावणेतीन’, ‘सव्वा’, ‘साडे’ म्हटलं की गोंधळते. शिकवायला हवं का?

हवंच. भाजीवाल्या मावशी ‘दोन पूर्णांक तीन चतुर्थांश’ म्हणणार नाहीत.

पाव १/४, अर्धा १/२, पाऊण ३/४, सव्वा १ १/४, दीड १ १/२, पावणेदोन १ ३/४, अडीच २ १/२. तीनपासून पुढे नेम सरळ आहे: सव्वातीन ३ १/४, साडेतीन ३ १/२, पावणेचार ३ ३/४. ‘पावणे’मध्ये पुढच्या आकड्यातून पाव वजा होतो, ही वजाबाकी त्या शब्दातच आहे. मुलं नेमकी इथेच उलटं करतात आणि पावणेतीन म्हणजे ३ ३/४ लिहितात. घड्याळ दाखवा, पावणेतीनला काटा तीनच्या अलीकडे असतो.

मग शेकड्यांकडे वळा. सव्वाशे म्हणजे १०० १/४ नव्हे, १२५. पावणेदोनशे १७५. अडीच हजार २५००, सव्वा लाख १,२५,०००. पाव तोच, पण शेकड्याचा पाव २५, हजाराचा २५०, लाखाचा २५,०००. ‘कशाचा पाव?’ हा प्रश्न मुलीला विचारायची सवय लावायची तर याहून सोपी सुरुवात नाही.

आजोबा आणे आणि पावकी-दिडकीचे (पावाचे आणि दिडाचे) पाढे शिकवायला बसतात. त्याने गोंधळ वाढेल का?

नाही, बसू द्या. जुन्या रुपयात १६ आणे होते. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली आणि रुपयाचे १०० नवे पैसे झाले. पाव रुपया आधी चार आणे होता, नंतर २५ पैसे झाला. पाव तेवढाच राहिला. २५ पैशांचं नाणं ३० जून २०११ पासून चलनातून गेलं, तरी ‘चाराणे’, ‘आठाणे’, ‘बाराणे’ बोलण्यात आहेतच. बारा आणे म्हणजे १२/१६ म्हणजे ३/४ रुपया, हे आजोबांकडून ऐकलेलं मूल अपूर्णांकाला संक्षिप्त रूप देणं वेगळं शिकत नाही, ते त्याला येतंच.

२/३ आणि १/४ यांची बेरीज ३/७ का नाही?

अंशात अंश, छेदात छेद मिळवणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. ‘असं करायचं नसतं’ म्हणून ती सुटत नाही. मुलाला उत्तराकडे बघायला लावा. २/३ अर्ध्यापेक्षा जास्त आहे. ३/७ अर्ध्यापेक्षा कमी. जास्तीत आणखी १/४ मिळवलं आणि कमी झालं? त्याच्या चेहऱ्यावरच कळतं की पटलं.

छेद सांगतो तुकडा केवढा आहे, अंश सांगतो तसे तुकडे किती आहेत. तिसरे भाग आणि चौथे भाग वेगवेगळ्या मापाचे, ते एकत्र मोजता येत नाहीत. म्हणून दोन्हींचे बारावे भाग करायचे: ८/१२ + ३/१२ = ११/१२. तुकडे समान झाले की फक्त किती ते मोजायचं, छेद जागचा हलत नाही.

लसावि काढलाच पाहिजे का?

नाही. लसावि म्हणजे दोन्ही छेदांनी पूर्ण भाग जाणारी सगळ्यात लहान संख्या. तिच्याऐवजी छेदांचा गुणाकार केला तरी उत्तर बरोबर येतं, फक्त आकडे फुगतात. ५/६ + ३/८ हे २४ छेदाने २०/२४ + ९/२४ = २९/२४ म्हणजे १ ५/२४. तेच ४८ छेदाने ५८/४८, आणि दोनने भागलं की पुन्हा २९/२४. लसावि वेळ वाचवतो. ज्याला लसाविचीच धास्ती आहे, त्याला आधी गुणाकाराने करू द्या. शिष्यवृत्तीच्या तयारीला लागल्यावर वेळ कमी पडतो, तेव्हा तो स्वतःच लसाविकडे येतो.

साडेपाचातून पावणेतीन वजा करताना १/२ मधून ३/४ जात नाही. उसना कसा घ्यायचा?

कापडाच्या दुकानातलं उदाहरण घेऊ. तागा संपत आलाय, साडेपाच मीटर उरलंय, त्यातून पावणेतीन मीटर कापून दिलं.

शाळेची पद्धत: ५ १/२ म्हणजे ५ २/४. दोन चतुर्थांशांतून तीन जात नाहीत, म्हणून पाचातला एक मोडायचा. एक म्हणजे ४/४. झाले ४ ६/४. आता ४ ६/४ − २ ३/४ = २ ३/४ मीटर. मुलं इथे पूर्णांकांच्या सवयीने उसना ‘दहा’ घेतात आणि ४ १२/४ लिहितात. उसना घेतलेला एक चौथ्यांमध्ये मोडला तर चार, आठव्यांमध्ये मोडला तर आठ; दहा फक्त दशांशात.

दुकानदाराची पद्धत वेगळी, आणि मला ती जास्त आवडते. तो वजा करतच नाही, पुढे मोजत जातो: पावणेतीनपासून तीनपर्यंत पाव, तीनपासून साडेपाचपर्यंत अडीच, अडीच आणि पाव पावणेतीन. झालं. उसन्याचा प्रश्नच येत नाही. परीक्षेत पायऱ्या मांडाव्या लागतात म्हणून पहिली पद्धत आलीच पाहिजे, पण उत्तर पडताळायला दुसरी ठेवा.

दशांशांची बेरीज करताना ०.५ + ०.२५ = ०.३० करतो.

तो उजवीकडून आकडे जुळवतोय, पूर्णांकांत तसंच शिकलाय. दशांशात चिन्हाखाली चिन्ह यायला हवं. सुरुवातीला चौकडीच्या वहीत करायला लावा, चिन्हासाठी स्वतंत्र रकाना.

जमलं तर दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यासमोर उभं करा. काटा पाव किलोला ०.२५० दाखवतो, साडेतीनशे ग्रॅमला ०.३५०. चिन्हानंतर कायम तीन घरं, कारण किलोचे हजार ग्रॅम. म्हणूनच ०.४ किलो हे ०.३५० किलोपेक्षा जास्त आहे, हे मुलाला काट्यावर दिसतं. वहीत मात्र ‘३५० मोठे, ४ लहान’ असं वाटत राहतं. मागे शून्य लावून घरं सारखी केली की वाद मिटतो: ०.४०० आणि ०.३५०.

बाजारातून ३.५ किलो कांदे, १.२५ किलो बटाटे आणि ०.२ किलो लसूण घेतला. ३.५० + १.२५ + ०.२० = ४.९५ किलो. पूर्ण संख्येतून वजा करतानाही शून्यंच लागतात: २ किलो साखरेतून ०.३७५ वापरली तर २.००० − ०.३७५ = १.६२५ किलो. ‘२ ला दशांश चिन्हच नाही’ म्हणून मुलं अडतात. चिन्ह असतं, लिहिलेलं नसतं इतकंच.

पैशांत दोनच घरं. ५०० ची नोट दिली, किराणा १८७.५० आणि तेलाची पिशवी ६४.७५, आधी बेरीज २५२.२५, मग वजाबाकी २४७.७५ रुपये परत. दोनदा वजा करण्यापेक्षा खर्च आधी एकत्र करावा, चुका निम्म्यावर येतात.

अपूर्णांकात करावं की दशांशात?

छेदाचे मूळ अवयव फक्त २ आणि ५ असतील तर दशांश सुटसुटीत येतो: १/४ = ०.२५, १/८ = ०.१२५, ३/५ = ०.६. छेदात ३, ६, ७, ९ आले (संक्षिप्त रूपात) तर अपूर्णांकातच राहा. १/३ चे ०.३३ करून तिघांचे वाटे मिळवले तर ०.९९ येतात आणि उरलेला शंभरावा भाग कुणाच्याच वाट्याला जात नाही. एकाच उदाहरणात दोन्ही असतील (दीड किलोतून ०.६२५ किलो वजा) तर सगळं एका रूपात आणल्याशिवाय सुरुवात करू नका.

१.३० तास म्हणजे दीड तास ना?

तोंडी म्हणताना चालतं, गणितात नाही. दीड तास म्हणजे १.५ तास, १ तास ३० मिनिटं वेगळ्या खुणेने लिहावीत. तासाची मिनिटं साठ, शंभर नाहीत. पावणेदोन तास आणि दीड तास मिळवायला कॅल्क्युलेटरवर १.४५ + १.३० केलं की २.७५ येतं, आणि त्यातल्या .७५ चा अर्थ पाऊण तास लावला तर पावणेतीन तास. खरं उत्तर सव्वातीन तास.

वेळेसाठी आपले पाव-पाऊण फार कामाचे. सीबीएस बसस्थानकावरून त्र्यंबकला जायला पाऊण तास, दर्शनाच्या रांगेत अडीच तास, परतीला गर्दीमुळे सव्वा तास. ३/४ + २ १/२ + १ १/४ = ४ १/२ तास. पाऊण आणि सव्वा आधी मिळवा, दोन होतात, मग अडीच. सोयीच्या जोड्या शोधणं हेही गणितच आहे.

क्रिकेटची षटकं हा दुसरा सापळा. २० पैकी १३.४ षटकं झाली, किती उरली? दशांश समजलं तर ६.६, पण षटकात चेंडू सहा. उरली ६.२, म्हणजे सहा षटकं दोन चेंडू. ज्या मुलाला गणित नको वाटतं त्यालाही हे चटकन कळतं. टिंब दिसलं म्हणजे दशांश असतोच असं नाही, हे त्याला इथे पटवता येतं.

‘उरलेल्याचा एक तृतीयांश’ आलं की हमखास चुकतो. का?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा, त्यामुळे जरा सावकाश बघू.

निफाडजवळ एकाच्या चाळीत (कांदा साठवायच्या शेडमध्ये) ६० क्विंटल कांदा आहे. पहिल्या खेपेला एकूण मालाचा १/४ लासलगावला नेला. दुसऱ्या खेपेला उरलेल्याचा १/३ पिंपळगाव बसवंतला नेला. चाळीत किती उरला?

बहुतेक मुलं सरळ १/४ + १/३ = ७/१२ करतात, उरले ५/१२, म्हणजे २५ क्विंटल. बेरीज अगदी बरोबर आहे, उत्तर चूक आहे. कारण १/४ होता ६० चा आणि १/३ होता उरलेल्या ४५ चा. पहिली खेप १५, उरले ४५. त्याचा तिसरा भाग १५. उरले ३० क्विंटल. अपूर्णांकात मांडायचं तर ३/४ चा १/३ म्हणजे १/४, आणि १/४ + १/४ = १/२ माल गेला. पाच क्विंटलचा फरक. कांद्याला भाव असेल त्या दिवशी हा फरक लहान नसतो.

अपूर्णांक मिळवायचे असतील तर ते एकाच गोष्टीचे असावे लागतात. म्हणून मुलाला प्रत्येक अपूर्णांकाखाली पेन्सिलीने लिहायला लावा: १/४ (सगळ्या कांद्याचा), १/३ (उरलेल्याचा). कंसातले शब्द सारखे असतील तरच बेरीज. वेगळे असतील तर आधी एका गोष्टीवर आणायचं. एक आडवी पट्टी काढून तिचे चार भाग केले तर हेच उदाहरण आकड्यांशिवाय सुटतं: एक भाग गेला, उरलेल्या तीनपैकी एक गेला, दोन उरले.

आता हीच भाषा बदलून बघा: ‘१/४ क्विंटल सडला.’ इथे १/४ ला एकक लागलं, तो २५ किलो झाला, चाळीत कितीही माल असो. ‘१/४ कांदा सडला’ म्हणजे ६० पैकी १५ क्विंटल. एका शब्दाने उदाहरण बदलतं.

बाजार समितीतलं वजन मुलांना समजावता येईल?

अगदी. भरलेली ट्रॉली काट्यावर ४८.३५ क्विंटल, माल उतरवल्यावर रिकामी २१.८ क्विंटल. ४८.३५ − २१.८० = २६.५५ क्विंटल कांदा, म्हणजे २,६५५ किलो. क्विंटलमध्ये चिन्हानंतर दोन घरं, कारण १०० किलो. सराफ बाजारातही हाच हिशोब, फक्त घरं तीन: मंगळसूत्राचं एकूण वजन ९.८७० ग्रॅम, त्यात काळे मणी १.१२० ग्रॅम, सोनं ८.७५० ग्रॅम. मण्यांचं वजन सोन्याच्या भावाने लावलेलं नाही ना, हे बघायला सहावीचं गणित पुरतं.

सातबाऱ्यावरचं क्षेत्र दशांशासारखं मिळवता येतं का?

सातबाऱ्यावर हेक्टर, आर आणि चौरस मीटर असतं, म्हणजे ०.८१.०० असं. १ हेक्टर म्हणजे १०० आर, १ आर म्हणजे १०० चौरस मीटर. हातचा शंभरावर जातो, त्यामुळे दशांशासारखं मिळवलं तरी बिघडत नाही. दोन गट ०.८१.०० आणि ०.४६.५० मिळून १.२७.५०, म्हणजे १.२७५ हेक्टर. एकूण १.२० हेक्टरात पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) ०.०७ असेल तर लागवडीयोग्य १.१३.

घरात मात्र सगळे एकर-गुंठ्यात बोलतात, आणि एकराचे गुंठे ४०. ‘दोन एकर पंचवीस’ कोणी २.२५ लिहिलं तर तो सव्वादोन एकर नाही. सव्वादोन एकर म्हणजे २ एकर १० गुंठे. २ एकर २५ गुंठे म्हणजे २ २५/४० = २ ५/८ = २.६२५ एकर. त्यात १ एकर ३० गुंठे मिळवले तर ३ एकर ५५ गुंठे, ५५ मधून ४० काढले की ४ एकर १५ गुंठे. कॅल्क्युलेटर ३.५५ सांगेल. घरात वाटणीच्या गोष्टी चालू असतील तर मुलांना बाजूला बसवून हे उदाहरण द्या, मन लावून सोडवतात.

उत्तर बरोबर आहे की नाही, उत्तरसूची न बघता कसं कळेल?

आधी अंदाज. ४ ७/८ + ३ १/१० म्हणजे जवळपास पाच आणि तीन, आठ. अचूक उत्तर ७ ३९/४०, पटतंय. ७ ८/१८ आलं असेल तर आठच्या जवळ नाही, छेद मिळवलेत. वजाबाकीची पडताळणी बेरजेने. आणि शेवटी एकक: ‘२ ३/४’ एवढंच लिहून सोडलेल्या उत्तरात मीटर की किलो ते कळत नाही, आणि बरेच शिक्षक त्याचा गुण कापतात. कापावाच.

येवल्याच्या साडीचं एक उदाहरण मुलीला आवडलं होतं, तसं आणखी द्या.

साडीचं उदाहरण असं: ब्लाउजपीससह सव्वासहा मीटर, ब्लाउजपीस ८० सेंटिमीटर. साडी किती? मीटर आणि सेंटिमीटर एकत्र आलेत, आधी ०.८० मीटर करा. ६.२५ − ०.८० = ५.४५ मीटर.

आणखी काही, उत्तरांसकट. उत्तर झाकून सोडवायला द्या.

मिसळीसाठी ३/४ किलो मटकी आणि १/२ किलो वाटाणे भिजवले (भिजण्याआधीचं वजन). त्यातले १ १/८ किलो वापरले, उरले किती? बेरीज १ १/४, उरले १/८ किलो म्हणजे १२५ ग्रॅम.

सोसायटीची टाकी ५/६ भरलेली होती. सकाळी टाकीच्या ३/८ इतकं पाणी गेलं. २०/२४ − ९/२४ = ११/२४, म्हणजे अर्ध्याला थोडी कमी. ‘भरलेल्या पाण्याच्या ३/८’ असं लिहिलं असतं तर उत्तर वेगळं आलं असतं. तेही काढायला सांगा (२५/४८ येतं, अर्ध्याला थोडी जास्त).

भरलेलं द्राक्षाचं क्रेट २१.६५ किलो, रिकामं १.८ किलो. द्राक्षं १९.८५ किलो.

तीन दिवसांचा पाऊस १२.४, ०.८ आणि ३१ मिलिमीटर. एकूण ४४.२. इथे ३१ चा ३.१ झाला नाही ना, ते बघा.

दोन भावांची मिळून जमीन ५ एकर १० गुंठे. धाकट्याकडे २ एकर २५ गुंठे, थोरल्याकडे किती? एक एकर मोडून ४ एकर ५० गुंठे, त्यातून वजा केले की २ एकर २५ गुंठे, दोघांना सारखं. ज्याने २ एकर ८५ गुंठे लिहिलं असेल, त्याला सातबाऱ्याचा प्रश्न पुन्हा वाचायला द्या.